ताईला तो आवाज बदलायचाच नाहीये

वाचकाचं पत्र

नमस्कार.

माझी ताई माझ्याहून बरीच मोठी. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारानं तिची नजर हळूहळू कमी होत गेली आणि आता काही वर्षं तिला फक्त उजेड-अंधार कळतो. ती हिशेबाचं काम करते, तेही पूर्वीइतकंच चोख. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरते आणि त्यात ईस्पीक नावाच्या यंत्राचा आवाज. तो आवाज मला सहन होत नाही. पत्र्याच्या डब्यातून कोणी घाईघाईनं बोलावं तसा तो येतो आणि त्यातलं एक अक्षर मला कळत नाही.

मी प्रोग्रामर आहे. रात्री जागून मी तिच्यासाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं. विंडोतला मजकूर उचलायचा, एका कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवायचा आणि तिथून आलेला अगदी माणसासारखा आवाज ऐकवायचा. ताईनं मन लावून वापरून पाहिलं, "छान केलंयस रे" म्हणाली, आणि आठवड्याच्या आत जुन्या आवाजावर परत गेली. विचारलं तर म्हणाली, "मला तो आवाज बदलायचाच नाहीये." मला फार लागलं.

दुसरं असं की आमच्या काकांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. तेव्हापासून बोलणं अडखळतं. बोललेलं पडद्यावर उमटावं म्हणून मी त्यांच्यासाठी व्हिस्पर जोडून दिलं. एकदा काका शब्द शोधत नुसते थांबले होते आणि पडद्यावर त्यांनी न बोललेलं अख्खं वाक्य उमटलं. काका उठून गेले, पुन्हा त्या कॉम्प्युटरसमोर बसले नाहीत.

आता हे सगळं ओपन सोर्स म्हणून, म्हणजे कोड सगळ्यांना खुला करून, लोकांसमोर ठेवावं, म्हणजे चार जण मिळून सुधारतील, असं मनात आहे. ठेवू का? की मेहनत फुकट गेली असं समजू?

— एक धाकटा भाऊ

उत्तर

धाकट्या भावास नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नवा स्क्रीन रीडर म्हणून ते लोकांसमोर ठेवू नका. मेहनत फुकट गेलेली नाही, तुम्ही जे शिकलात ते उपयोगी पडणार आहे, पण त्याची जागा वेगळी आहे. ती जागा सांगतेच. त्याआधी ताईंनी तुमचा आवाज बाजूला का ठेवला हे नीट समजून घेऊ, कारण तेवढं कळलं की पुढचं बरंचसं तुमचं तुम्हालाच सुचेल.

मला स्वतःला दिसत नाही आणि मी वर्षानुवर्षं ईस्पीक ऐकत आले आहे. त्यामुळे ताईंच्या त्या एका वाक्यात काय काय भरलंय ते मला लगेच कळलं.

ताई मेल तपासत असतील तेव्हा कधी शेजारी बसा. खालच्या बाणाची कळ दाबली की पाठवणाऱ्याचं नाव सुरू होतं. पहिली दोन अक्षरं कानावर पडली की त्यांना कळतं, हे बँकेचं आहे, नंतर बघू. लगेच पुढची कळ. आवाज तिथल्या तिथे तुटतो आणि दुसरं नाव सुरू होतं. पुन्हा कळ, पुन्हा तुटतो. मग एका नावाशी बोट थांबतं, ते पूर्ण ऐकलं जातं, एंटर. तुम्ही यादीवरून नजर फिरवता तेच काम इथे बोटं आणि कान मिळून करतात. या कामात कळ दाबणं आणि आवाज फुटणं यांत जाणवेल इतकीही फट चालत नाही. तुमच्या रचनेत मजकूर सर्व्हरकडे जातो, तिथे वाक्याचा आवाज तयार होतो, मग तो परत येतो. अर्धा सेकंद जरी लागला तरी एखादी गोष्ट ऐकताना त्याचं काही वाटणार नाही. पण दिवसभर यादीमागून यादी, खान्यामागून खाना चाळणाऱ्या माणसाचं काम तो अर्धा सेकंद ठप्प करतो. शिवाय मधेच आवाज तोडता आला नाही, तर नको असलेलं वाक्य संपेपर्यंत ताटकळत बसायचं.

मग वेग. ईस्पीक सुरुवातीला मिनिटाला १७५ शब्दांवर लावलेला असतो, म्हणजे साधारण माणूस मोठ्यानं वाचतो तसा. तो ४५० पर्यंत सहज जातो आणि एनव्हीडीएत वेग आणखी वाढवायची सोयही आहे. सरावलेली अंध माणसं याच वरच्या टप्प्यात काम करतात. तुम्हाला एक अक्षर कळत नाही ते म्हणूनच. ताईंचा कान त्या वेगाला तयार होत गेला आणि तुमचा व्हायचं काही कारण नव्हतं.

आता तो पत्र्याचा नाद. बोलताना घसा आणि तोंडाच्या पोकळीत हवा घुमते आणि काही ठरावीक कंपनं ठळक होतात. त्यांना फॉर्मंट म्हणतात. ईस्पीक स्वर याच हिशेबानं गणितातून घडवतो, कोणा माणसाच्या रेकॉर्ड केलेल्या वाक्यांचे तुकडे तो जोडत नाही. म्हणून तो कोरडा लागतो, आणि म्हणूनच वेग खूप वाढवला तरी अक्षरं एकमेकांत विरघळत नाहीत. तोच शब्द आज जसा ऐकू येतो तसाच उद्या येतो. न्यूरल आवाज, म्हणजे माणसांचं बोलणं ऐकवून यंत्राला शिकवलेले, गोड असतात, पण ते शिकलेल्या नमुन्यांवरून अंदाजानं बोलतात. कधी एखादा शब्द गिळतात, सुटी अक्षरं आणि लांबलचक आकडे यांच्याशी अडखळतात. कादंबरी ऐकताना हे खपून जाईल. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला मात्र रकमेत शून्यं किती आहेत ते बिनचूक कळलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट, आणि ही मी जरा कडक सुरात सांगणार आहे. तुमचं सॉफ्टवेअर विंडोतला मजकूर कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतं. ताईंच्या विंडोत काय असतं? दुसऱ्यांचे हिशेब, खात्यांचे आकडे, खाजगी पत्रं, कधी पासवर्डही. स्क्रीन रीडर माणसाच्या आयुष्यातलं सगळं वाचतो. असं सॉफ्टवेअर मजकूर कॉम्प्युटरच्या बाहेर नेत असेल, तर वापरणाऱ्याला ते आधी स्पष्ट सांगायला हवं आणि तिचा होकार घ्यायला हवा. शिवाय त्या कंपनीनं उद्या सेवा बंद केली किंवा दर वाढवले की तुमचा खुला कोड मुका होईल. ओपन सोर्स म्हणून ठेवायचं तर आवाजही त्याच यंत्रावर, इंटरनेटशिवाय बोलणारा हवा.

तुम्ही पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच केलेला नाही आणि ताईंनीही कदाचित तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितली नसेल. स्क्रीन रीडरमध्ये आवाज हा सगळ्यात शेवटचा भाग. त्याआधीचं काम अवाढव्य आहे. समोर बटण आहे की लिंक, खूणचौकट टिक केलेली आहे की नाही, आपण तक्त्याच्या कुठल्या ओळीत, कुठल्या स्तंभात आहोत, हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळवून नेमक्या क्षणी सांगायचं असतं. वेब पानावर 'एच' दाबलं की पुढचं शीर्षक, 'टी' दाबलं की पुढचा तक्ता. ब्रेल डिस्प्ले, म्हणजे ब्रेलचे ठिपके उमटवणारी पट्टी, जोडलेला असेल तर तेच बोटांखाली. विंडोतला मजकूर उचलून वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर यातलं काहीच देत नाही. म्हणजे ताईंना आठवडाभर गोड आवाज मिळाला आणि त्या बदल्यात पडद्यावर फिरायच्या वाटा गेल्या. तरी त्या आठवड्याच्या आसपास टिकल्या, यावरून त्यांचा तुमच्यावरचा जीव कळतो.

एनव्हीडीए कोणी लिहिलं हे माहीत आहे का? मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ साली ते सुरू केलं. तेव्हा चांगले स्क्रीन रीडर इतके महाग होते की कित्येक अंध माणसांना कॉम्प्युटरपेक्षा त्यांचीच किंमत जास्त पडायची. मग जेम्स तेह हा त्याचा मित्र, तोही अंध, त्याला येऊन मिळाला आणि २००७ मध्ये दोघांनी एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था काढली. त्याआधी टी. व्ही. रामन या अंध संगणकतज्ज्ञांनी १९९५ साली ईमॅक्स या लेखन-संपादनाच्या सॉफ्टवेअरला बोलतं करणारं ईमॅकस्पीक लोकांसाठी खुलं केलं, तेही मुळात स्वतःला काम करता यावं म्हणून लिहिलेलं. या क्षेत्रातलं जे टिकलं ते असं वापरणाऱ्यांच्या हातून किंवा त्यांच्या अगदी जवळ बसून घडलेलं आहे. बाहेरून, भल्या मनानं, कोणाला न विचारता केलेली कामं शेकड्यांनी पडून आहेत. तुम्ही ताईंना 'हे घे' म्हणून दिलंत. 'तुझं कुठे अडतं' हे आधी विचारलंत का?

आवाज कोणता हवा हे ठरवण्याचा हक्क ऐकणाऱ्याचा, किंवा त्या आवाजातून बोलणाऱ्याचा. स्टीफन हॉकिंग यांचं उदाहरण घ्या. १९८५ साली श्वासनलिकेवरच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची वाचा गेली. मग जो यंत्राचा आवाज त्यांना मिळाला तो डेनिस क्लॅट या संशोधकाच्या कामातून, त्याच्याच आवाजावरून घडलेला होता. पुढे कितीतरी चांगले आवाज आले, त्यांनी बदलला नाही. तो आवाज आता त्यांचा झाला होता. अडचण वेगळीच आली: आवाज एका जुन्या हार्डवेअर कार्डात बंद होता, ते कार्ड बनायचं थांबलं होतं आणि त्या आवृत्तीचा सोर्स कोड मिळेना. काही अभियंत्यांनी वर्षानुवर्षं खपून त्या कार्डावरच्या चिपांचं वागणं सॉफ्टवेअरमध्ये उतरवलं. २०१८च्या सुरुवातीला तो आवाज नव्या यंत्रावर चालू लागला आणि त्याच मार्चमध्ये हॉकिंग गेले. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या वैज्ञानिकाचा आवाज टिकवायला एवढी यातायात करावी लागली, कारण तो कोड कोणाच्या हातात नव्हता.

याच्या शेजारी ईस्पीकची गोष्ट ठेवा. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ साली एकॉर्न कॉम्प्युटरसाठी तो लिहायला घेतला, २००६ मध्ये लिनक्ससाठी ईस्पीक म्हणून खुला केला. २०१५ साली त्यांच्याकडून कित्येक महिने काहीच येईना. त्यावर अवलंबून असलेली माणसं जगभर होती. त्यांनी आपसांत बोलून त्या वर्षीच्या डिसेंबरात ईस्पीक एनजी या नावानं काम पुढे सुरू केलं. परवाना खुला होता, कोड सगळ्यांकडे होता. शंभराहून जास्त भाषा बोलणारा तो आवाज असा हातोहाती पुढे गेला आणि आज ताईंच्या कॉम्प्युटरवर बोलतोय. ओपन सोर्सची किंमत फुकट मिळण्यात मोजणारे खूप भेटतात. माझ्या लेखी तिचं मोल हे आहे की माझा रोजचा आवाज एका माणसाच्या किंवा एका कंपनीच्या मर्जीवर जगत नाही.

म्हणून नवा प्रकल्प काढण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा: पाच वर्षांनी विंडोजची नवी आवृत्ती येईल, ब्राउझर बदलेल, तेव्हा हे दुरुस्त कोण करणार? फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलानं बोललेलं लिहून काढणारं डीपस्पीच सुरू केलं आणि सोडलं. त्यातल्याच काहींनी कोकी ही कंपनी काढली, ती २०२४च्या सुरुवातीला बंद पडली. ही तर पैसा आणि माणसं असलेली ठिकाणं. एकट्यानं रात्री जागून लिहिलेला स्क्रीन रीडर कोणी भरवशानं वापरायला लागलं आणि तुमची नोकरी बदलली, घरी मूल आलं, तर त्या माणसाचं काम बंद पडेल.

आता तुमच्या कामाची जागा. एनव्हीडीएत वाचणारा भाग आणि बोलणारा भाग वेगळे आहेत. बोलणाऱ्या भागाला सिंथेसायझर म्हणतात आणि तो ॲड-ऑनच्या रूपानं बाहेरून जोडता येतो. लिनक्सवर ऑर्का हा स्क्रीन रीडर आहे, तिथेही हेच: ऑर्का वाचतो, मधला स्पीच डिस्पॅचर मजकूर पुढे देतो आणि बोलतो कोणी तिसराच. अँड्रॉइड फोनवरही आवाजाचं इंजिन स्वतंत्र बसवता येतं. म्हणजे गोड आवाज द्यायला सगळा स्क्रीन रीडर नव्यानं लिहायची गरजच नव्हती. पायपर नावाचं न्यूरल आवाजाचं खुलं इंजिन इंटरनेटशिवाय, अगदी रास्पबेरी पायसारख्या छोट्या यंत्रावरही चालतं आणि त्याचे आवाज एनव्हीडीएत आणणारं ॲड-ऑन आधीपासून आहे. ते उघडून वाचा. तुम्ही प्रोग्रामर आहात, कुठे वेळ लागतो, कुठे आवाज तुटायला उशीर होतो हे तुम्हाला दिसेल. तिथे तुमच्या जागरणाचं चीज होईल. एक लक्षात ठेवा, इंजिनाचा परवाना वेगळा आणि प्रत्येक आवाजाचा वेगळा असतो. दोन्ही वाचल्याशिवाय लोकांना काही देऊ नका.

ताईंसाठी एक छोटी गोष्ट आजच करता येईल, त्यांना हवी असेल तरच. एनव्हीडीए की, कंट्रोल आणि 'पी' दाबलं की कॉन्फिगरेशन प्रोफाइल उघडतात. तिथे नवी प्रोफाइल बनवताना ती कधी लागू व्हावी हे विचारतात, आणि त्या पर्यायांत 'से ऑल' म्हणजे सलग वाचन हा एक आहे. त्या प्रोफाइलमध्ये सावकाश, गोड आवाज ठेवायचा. मग कळा दाबत काम करताना ईस्पीक आणि पुस्तक सलग ऐकायला घेतलं की आपोआप दुसरा आवाज. मला स्वतःला ही सोय आवडते. ताई नको म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा.

तुमचा मराठी कानही इथे कामाला येईल, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तोच. ईस्पीक एनजी मराठी बोलतो, पण उच्चाराचे नियम आणि शब्दांची यादी अशा दोन साध्या मजकुराच्या फायलींवर ते सगळं उभं आहे: एमआर-रूल्स आणि एमआर-लिस्ट. आता 'चार' आणि 'चारा' म्हणून बघा. 'जग' आणि 'जगणं' म्हणून बघा. अक्षर तेच, जीभ वेगळ्या जागी लागते. लिपीत हा फरक दिसत नाही, त्यामुळे नुसत्या नियमानं भागत नाही. किती तरी शब्द एकेक करून नोंदवावे लागतात. शब्दातला शेवटचा किंवा मधला 'अ' कुठे म्हणायचा, कुठे सोडायचा, हेही तसंच. एकपासून शंभरपर्यंतचे मराठी आकडे म्हणजे तर जवळजवळ शंभर स्वतंत्र शब्द. मराठी न येणारा कितीही हुशार प्रोग्रामर हे करू शकणार नाही. ताईंना सांगा, कानाला खुपणारा शब्द आला की लिहून ठेव. महिनाभरात चांगली यादी होईल. घरापुरती दुरुस्ती एनव्हीडीएच्या उच्चार-शब्दकोशात त्या स्वतः करू शकतात, आणि पुरेशी खात्री झाली की तीच दुरुस्ती तुम्ही ईस्पीक एनजीकडे पाठवा. एक शब्द सुधारला की तो मराठी ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर सुधारतो. आणि ते पाठवताना ताईंचं नाव त्यांना विचारून, त्यांना हवं तसं द्या. शब्द त्यांनी शोधलेत, त्यांचं श्रेय त्यांचं.

स्वतःचं काम तपासायचं असेल तर एनव्हीडीएतला स्क्रीन कर्टन लावा, पडदा काळा होतो, आणि नुसत्या कळफलकावर एखादा अर्ज भरून बघा. सॉफ्टवेअर कुठे गप्प बसतं ते लगेच सापडेल. एवढ्यावरून आपल्याला अंधपण कळलं असं मात्र कोणाला सांगू नका. डोळे मिटून गोंधळलेला नवखा आणि वर्षानुवर्षं सरावलेली ताई यांत फार अंतर आहे.

काकांचा प्रश्न मला ताईंच्या प्रश्नापेक्षा जास्त नाजूक वाटतो. झटक्यानंतर बोलणं बिघडतं ते मुख्यतः दोन प्रकारे. एकात डोक्यात शब्द तयार असतो, पण जीभ, ओठ, घसा यांचे स्नायू ऐकत नाहीत आणि उच्चार अस्पष्ट होतो. त्याला डिसार्थ्रिया म्हणतात. दुसऱ्यात शब्दच सापडत नाही, किंवा एकाऐवजी दुसरा येतो. तो वाचाघात, अफेझिया. काहींना दोन्ही असतं. तुम्ही 'शब्द शोधत थांबले होते' असं लिहिलंय, त्यावरून दुसऱ्याची शंका येते, पण हे ठरवायचं काम वाचा-उपचारतज्ज्ञाचं. आधी तिकडे जा. कारण उच्चार अस्पष्ट असेल आणि शब्द शाबूत असतील तर टाइप करून बोलणारं साधन उत्तम चालेल. वाचाघातात टाइप करतानाही तोच शब्द हरवलेला असतो, तिथे चित्रांचे फलक जास्त उपयोगी पडतात. सीबोर्ड हा असा खुला फलक आहे, चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलला जातो. हात चालत नसेल तर नजरेनं चालणारा ऑप्टिकी आहे, आणि अगदी थोड्या हालचालीनं अक्षरं निवडून लिहिता येणारा डॅशर, जो केंब्रिजमध्ये डेव्हिड मॅके यांच्या गटानं घडवला. ही सगळी खुली साधनं आहेत. आधी वापरून पाहा, मग काय कमी पडतं ते ठरवा.

व्हिस्परनं जे केलं त्याला कारण आहे. ओपनएआयनं २०२२ साली ते खुलं केलं, ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवून. ते जितकं ऐकतं तितकंच पुढचे शब्द ताडतं. बोलणाऱ्याच्या लांब शांततेत ऐकायला काहीच नसतं, मग नुसतं ताडणं उरतं आणि न बोललेली वाक्यं उमटतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १ टक्का ध्वनिफितींच्या लेखनात अशी मनची वाक्यं सापडली, आणि वाचाघात झालेल्यांच्या बोलण्यात हे प्रमाण अधिक होतं. म्हणजे ज्याला बोलायला सगळ्यात जास्त कष्ट पडतात त्याच्याच तोंडी हे साधन जास्त वेळा परके शब्द घालतं. काका उठून गेले यात मला काहीच नवल वाटत नाही. माझ्या तोंडी कोणी न बोललेलं वाक्य घातलं असतं तर मीही उठले असते.

त्यांच्याशी याबद्दल एकदा मोकळेपणानं बोला. 'काका, तुमचं काही चुकलं नव्हतं, यंत्रानं स्वतःहून वाक्य रचलं', हे त्यांना स्वच्छ सांगा. कदाचित ते दोष स्वतःच्या बोलण्यालाच देत असतील. पुन्हा प्रयोग करायला ते तयार झाले तर मुक्त लेखन, म्हणजे बोललेलं सगळं यंत्राकडून लिहून घेणं, बाजूला ठेवा. व्होस्क नावाचं खुलं, इंटरनेटशिवाय चालणारं साधन आहे. त्याच्या छोट्या मॉडेलांना 'फक्त एवढ्याच शब्दांपैकी एक ऐक' असं बांधून देता येतं. मराठी मॉडेल नसलं तरी बिघडत नाही, उपलब्ध भाषांपैकी काकांना येणारी एखादी निवडा. त्या भाषेतले जे शब्द काकांच्या जिभेवर नीट येतात ते त्यांनीच निवडावेत, उच्चारात एकमेकांपासून लांबचे, पंधरा-वीस पुरेत: दिवा लाव, फोन कर, थांब अशा अर्थाचे. आणि प्रत्येक वेळी यंत्रानं काय ऐकलं ते आधी दाखवावं आणि काकांनी हो म्हटल्यावरच पुढे जावं. 'नाही' म्हणायची वाट सगळ्यात सोपी ठेवा, एक मोठं बटण, न बोलता दाबता येणारं.

खुल्या आवाजसंग्रहांना अडखळत्या बोलण्याचे नमुने फार हवे असतात, आणि मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठीतही वाक्यं नोंदवता येतात. तुमच्या मनात काकांचा आवाज तिथे द्यावा असं येईल. हेतू चांगला आहे. पण तिथे दिलेला आवाज सगळ्यांसाठी सीसी-झीरोखाली खुला होतो, म्हणजे कोणीही कशासाठीही वापरू शकतो आणि एकदा लोकांनी उतरवून घेतला की परत गोळा करता येत नाही. काकांना हे त्यांच्या गतीनं, दोन-तीन वेळा समजावून सांगा आणि विचार करायला वेळ द्या. प्रयोगासाठी तुम्ही आधी केलेल्या त्यांच्या ध्वनिफिती कॉम्प्युटरवर पडून असतील, त्यांचं काय करायचं तेही त्यांनाच विचारा. पुसून टाक म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा.